ब्लाउजचा टक्स दीड इंच खाली गेला! छातीचा आकार असा का बदलतो आणि खरंच काही उपाय आहे का?

रंकाळा_वॉकर

नमस्कार, हे विचारावं की नको असं आठवडाभर चाललंय, शेवटी म्हटलं इथं कोण कुणाला ओळखतंय, विचारून टाकूया. वय ३६, दोन मुलं, मोठी ९ ची आणि धाकटा ४ चा. दोघांनाही अंगावर पाजलंय, धाकट्याला तर जवळजवळ दोन वर्षं. त्याच्यानंतर माझं वजन ८१ वर गेलतं, मग रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या आणि रात्रीची भाकरी बंद करून दीड वर्षात ६३ वर आणलं. सगळे म्हणतात बारीक झालीस, छान दिसतीस, मी पण खुशीत होते.

तर नणंदेच्या लग्नाचा ब्लाउज शिवायला महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या नेहमीच्या टेलर काकूंकडं गेले. त्यांच्या वहीत माझ्या लग्नापासूनची मापं आहेत. त्यांनी टेप लावला, वही बघितली, परत टेप लावला. २०१४ ला खांद्यापासून टक्स पॉइंट, म्हणजे छातीचं टोक, साडेनऊ इंचावर होतं, आता अकरा. काकू बिचाऱ्या चांगल्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाल्या, "टक्स जरा खाली घ्यायला लागंल बघ, नाहीतर फिटिंग येणार न्हाई." मी हो म्हटलं आणि गाडीवर बसल्यावर रडायलाच आलं. वेडेपणा आहे माहितीय, पण आलं.

घरी सासूबाईंना सहज बोलले तर त्या म्हणाल्या दोन-दोन वर्षं पाजल्यावर दुसरं काय होणार. ते ऐकून आता माझी जाऊ, जिला सातवा चालू आहे, म्हणतीय मी तर तीन महिन्यांतच बंद करणार. म्हणजे माझ्यामुळं त्या बाळाचं दूध तुटायचं.

ऑनलाइन एक 'फर्मिंग' क्रीम घेतलं, १४०० रुपये, दोन महिने इमानदारीत लावलं, फायदा एवढाच की खाली पुरळ उठलं. तर विचारायचं हे की असं होतं कशामुळं, खरंच पाजल्यामुळं का? व्यायामानं परत वर येतं का? आणि ऑपरेशन म्हणतात ते नेमकं काय असतं, कुणी केलंय का? आणि हो, डावी बाजू उजवीपेक्षा जरा जास्तच उतरलीय असं मला वाटतं.

कागलची_आक्का

अगं रडतीस काय, मी तुला माझं सांगतो. माझं वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. आमच्या वेळंला टेलरनं माप घेतलं तरी मान वर करून बघायची सोय न्हवती, त्यामुळं माझा टक्स कुठनं कुठं गेला हे देवालाच ठाऊक. पाळी गेल्यावर तर हातात घेतलं तर नुसतं मऊ, पूर्वीचा घट्टपणा न्हाईच. मी घाबरून डॉक्टरीण बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या काकू, दूध बनवणाऱ्या गाठी आता आकसल्या आणि तिथं चरबी आली, सगळ्यांचंच होतं. मी म्हटलं मग ठीक हाय, एकटीचं न्हाई ना.

पण तुझी सासू म्हणती ते काय मला पटत न्हाई. माझ्या थोरल्या जावेला मूलबाळच न्हाई, तिचं काय वेगळं हाय? तिचं बी तसंच. आता मोठ्या माणसांना हे सांगायचं कुणी.

निवृत्त_सिस्टर

बाळ, आधी तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलूया, कारण बाकी सगळं नंतर. डावी बाजू जास्त उतरलीय म्हणतेस, ती पहिल्यापासून थोडी मोठी होती का हल्ली हल्ली बदललीय? दोन्ही बाजू कुणाच्याच मापात एकसारख्या नसतात, जन्मभर थोडा फरक असेल तर काळजी नाही. पण एकाच बाजूचा आकार नव्यानं बदलला, हाताला गाठ लागली, कातडीला खळी पडायला लागली, संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली, निपल आत ओढलं गेलं किंवा रक्तासारखं पाणी आलं, तर लिफ्ट, म्हणजे छाती वर घ्यायचं ऑपरेशन-बिपरेशन, सगळं बाजूला ठेवून आधी सर्जनला दाखवायचं. आपल्याकडं बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे आणि मी सर्जरीच्या वॉर्डात ३१ वर्षं काढली, उशिरा आलेल्या बायका बघून बघून हे पहिलं सांगायची सवयच लागलीय. गाठ दुखत नव्हती म्हणून आले नाही, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. तुझं बहुतेक काही नसणार, पण दाखवून ये.

आता का होतं ते. छातीच्या आत स्नायू नसतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, चरबी आणि या सगळ्याला कातडीशी आणि मागच्या पडद्याशी धरून ठेवणारे बारीक तंतू. त्यांना कूपर लिगामेंट म्हणतात, अ‍ॅस्टली कूपर नावाच्या इंग्रज सर्जननं १८४० च्या पुस्तकात त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. स्नायू आहे तो त्याच्या मागं, बरगड्यांवर. म्हणजे वजन पेलायचं काम कातडी आणि हे तंतू करतात. दोरीवर ओली गोधडी वाळत घातली की दोरी झोल खाते ना, आणि गोधडी काढून घेतली तरी तो झोल थोडा राहतोच, तसंच आहे हे.

दिवस गेले की ग्रंथी वाढतात, छाती भरते, कातडी ताणली जाते. पाजणं थांबलं की ग्रंथी आकसतात पण कातडी तेवढी मागं येत नाही. आणि लक्षात घे, हे भरणं गरोदरपणातच सुरू होतं, बाळ जन्मायच्या आधी. एकदाही न पाजलेल्या बाईचंही होतं. अमेरिकेत केंटकी युनिव्हर्सिटीतल्या प्लास्टिक सर्जन लोकांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला, ऑपरेशनसाठी आलेल्या बायकांची सगळी माहिती घेऊन. त्यात वय, उंचीच्या मानानं वजन, किती वेळा दिवस गेले, मुळात छाती किती मोठी होती आणि सिगारेट, यांचा संबंध सापडला. पाजण्याचा वेगळा असा काही संबंध सापडला नाही. तेव्हा तुझ्या जावेला हे माझ्या नावानं सांग. सहा महिने फक्त अंगावरचं आणि वरचं सुरू केल्यावरही दोन वर्षं किंवा पुढंही पाजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन महिन्यांत तोडून तिची छाती वाचणार नाही, बाळाचं मात्र नुकसान.

तुझ्या बाबतीत मला विचारशील तर मोठा वाटा त्या १८ किलोंचा आहे. वजन वाढताना छातीत चरबी भरली, कातडी वाढली, मग चरबी गेली आणि पिशवी राहिली. म्हणून वजन कमी केलंस ते चूक केलंस असं अजिबात नाही हं, गुडघे आणि साखर तुला दुवा देतील. पण एकदा उतरलेलं वजन परत चढव-उतर करू नको.

अजून एक, आपल्याकडचं. कुणी मिश्री लावत असेल तर ऐका. अभ्यास सिगारेटवर झालेत, मिश्रीवर असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण तंबाखू म्हणजे निकोटीन, ते रक्तवाहिन्या आकसवतं, आणि पुढं-मागं ऑपरेशन करायचं असेल तर जखम भरायला हीच गोष्ट नडते. दात घासायच्या नावाखाली दिवसातनं पाच वेळा मिश्री लावणाऱ्या बायका डॉक्टरांनी व्यसन विचारलं की "काही नाही" म्हणून सांगतात. तिथं खरं बोला.

घरचा_वैद्य

एवढं सगळं कशाला. डाळिंबाची साल वाळवून मोहरीच्या तेलात उकळून रोज खालून वर मालिश करा, ४० दिवसात फरक. आमच्या आजीचा उपाय, साइड इफेक्ट शून्य.

निवृत्त_सिस्टर

आजींना नमस्कार. पण ताणलेला तंतू तेलानं आखडत नाही हो, बाहेरनं लावलेलं तिथपर्यंत पोचतच नाही. क्रीमचंही तेच. मालिश केल्यावर कातडी तेवढ्यापुरती तुकतुकीत दिसते, दोन तासांनी जैसे थे. आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आधीच पुरळ उठलंय, त्यावर मोहरीचं तेल चोळायला सांगू नका. बाळ, छातीखालच्या घडीत घाम साठतो, आपल्याकडं पावसाळ्यात तर कपडे वाळत नाहीत आणि दमट ब्रा तशीच घातली जाते, मग बुरशी होते. अंघोळीनंतर मऊ सुती कपड्यानं टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, आणि आठवड्यात गेलं नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं.

फिजिओ_ताराबाई_पार्क

सिस्टरांनी स्नायूचं सांगितलंच आहे त्यामुळं माझं काम सोपं झालं. पुशअप्स, डंबेल प्रेस वगैरे केल्यानं मागचा पेक्टोरल स्नायू भरतो, त्यानं वरचा भाग किंचित उठून दिसतो, पण टक्स पॉइंट वर येत नाही. जिममधे कुणी "३० दिवसांत लिफ्ट" सांगत असेल तर फी परत मागा 😄

पण एक गोष्ट खरंच फरक पाडते, ती म्हणजे पाठ. माझ्याकडं मान-खांदे दुखतात म्हणून येणाऱ्या निम्म्या बायका खांदे पुढं पाडून बसलेल्या असतात, छाती लपवायची सवय शाळेपासूनची. खांद्याच्या फऱ्यामधले स्नायू घट्ट केले, रोइंग सारखे व्यायाम केले की उभं राहणं बदलतं आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. दुसरं ब्रा. रंकाळ्याला फेऱ्या मारताना साधी ब्रा घालून भरभर चालता का? पळताना छाती नुसती वर-खाली नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हलते, इंग्लंडच्या पोर्ट्‌समथ युनिव्हर्सिटीत यावर वर्षानुवर्षं काम चाललंय. स्पोर्ट्‌स ब्रा घ्या. तिनं उतरलेलं वर येणार नाही, पण दुखणं आणि ओढ कमी होते.

आणि रोजच्या ब्राचा साइज एकदा नीट मोजा, वजन उतरल्यावर मोजलाय का? छातीच्या खाली टेप घट्ट धरून जे इंच येतील तो बँडचा नंबर, मग सगळ्यात भरलेल्या जागी सैल टेप, दोन्हीतला फरक एक इंच असला तर ए, दोन बी, तीन सी, चार डी. बहुतेक बायका बँड मोठा आणि कप लहान घालतात. मग सगळं वजन पट्ट्यांवर येतं, खांद्याला खाचा पडतात आणि मागनं ब्रा वर चढते. मागची पट्टी जमिनीला समांतर राहिली पाहिजे, आणि नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर बसली पाहिजे.

पुण्यात_शाहूपुरीची

आक्का, तुमचं आपल्या कोल्हापूरकडच्या बायकांसारखं "मी सांगतो" वाचून घरी गेल्यासारखं वाटलं. इथं ऑफिसात मी चुकून "येतो गं" म्हटलं की पोरी अजून हसतात.

मी केलंय ऑपरेशन. दोन वर्षं झाली, पुण्यातच केलं, तेव्हा वय ४१, तीन वेळा दिवस गेलेले, एक राहिलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते कारण मला तेव्हा असं कुणी सांगितलं नव्हतं.

आधी एका ब्युटी क्लिनिकमधे गेलेले, तिथं मशीननं "विनाऑपरेशन लिफ्ट" आठ सीटिंगचं पॅकेज, अर्धे पैसे आधी भरून घेतले. काही झालं नाही. नंतर प्लास्टिक सर्जनकडं गेले तेव्हा कळलं की तसल्या मशीननं कातडी फार तर किंचित आवळते, अगदी सुरुवातीच्या केसमधे. आमची गाडी त्या स्टेशनच्या कधीच पुढं गेलेली. त्यांनी उभं करून बघितलं की निपल छातीखालच्या घडीच्या तुलनेत कुठं आहे. घडीच्या पातळीवर म्हणजे पहिली पायरी, घडीच्या खाली गेलं तर दुसरी, आणि अगदी तळाशी येऊन जमिनीकडं बघायला लागलं की तिसरी. माझी दुसरी होती.

ऑपरेशनचं नाव मास्टोपेक्सी. जास्तीची कातडी काढतात, आतलं सगळं गोळा करून वर बसवतात आणि निपल नव्या जागी नेतात. निपल कापून वेगळं करत नाहीत बरं का, खालच्या रक्तवाहिन्या आणि नसांसकट सरकवतात, मला हीच भीती सगळ्यात जास्त होती. व्रण किती हे किती उतरलंय त्यावर. थोडं असेल तर काळ्या वर्तुळाभोवतीच, जास्त असेल तर तिथनं खाली एक उभी रेघ, अजून जास्त असेल तर घडीत आडवी रेघ पण, म्हणजे जहाजाच्या नांगरासारखं. मला उभी रेघ आहे. पहिले सहा महिने ती लाल, मग काळपट, आता दोन वर्षांनी फिकट झालीय पण आहे. व्रण नको असेल तर ऑपरेशनच नको, मधला मार्ग नाही. आपल्या कातडीला व्रण फुगायची सवय असते, कान टोचल्यावर ज्यांना गाठ येते त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावं.

अजून एक गैरसमज माझा होता की वरचा भाग पण भरून येईल. नुसत्या लिफ्टनं आकार वर येतो, भरत नाही. भरायचं असेल तर इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची कृत्रिम पिशवी, किंवा पोट-मांडीची चरबी काढून घालतात. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढं कधीतरी बदलायला किंवा काढायला लागू शकतं, भोवतीचं आवरण कडक होऊ शकतं, आणि खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध निघाल्यावर २०१९ मधे एका मोठ्या कंपनीला जगभरातून तो माल परत घ्यायला लागला. मी नको म्हटलं. उलट ज्यांची छाती जड आहे, खांदे-पाठ दुखतात, त्यांच्यासाठी कमी करायचं ऑपरेशन असतं, त्यात लिफ्ट आपोआपच होते.

पूर्ण भूल, अडीच तास लागले, एक रात्र दवाखान्यात. दुखणं पाच-सहा दिवस, ते सोसलं. खरं अवघड पुढचे सहा आठवडे, बादली उचलायची नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही, पाठीवरच झोपायचं, रात्रंदिवस सर्जिकल ब्रा. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची, तिला कडेवर घेता येईना म्हणून ती रुसून बसायची. आई शाहूपुरीतनं येऊन महिनाभर राहिली म्हणून निभावलं. आईला काय सांगितलं? गाठ काढली म्हणून सांगितलं 🙈 अजून तिला तेच माहितीय. डाव्या निपलला सात-आठ महिने काही कळत नव्हतं, मग आलं. काहींचं कायमचं जातं, कागदावर सही करताना हे लिहिलेलं असतं, वाचा.

पैसे, मी तीन ठिकाणी विचारलेलं, दीड लाखापासून अडीच लाखापर्यंत सांगितलं. कॉस्मेटिक म्हणून इन्शुरन्समधे बसत नाही आणि वर १८ टक्के जीएसटी. अपघात, भाजणं, कॅन्सरनंतरची दुरुस्ती यांचं वेगळं असतं.

आणि हे कायमचं नाही हे सर्जननीच पहिल्या भेटीत सांगितलं. वय थांबत नाही, वजन वर-खाली झालं किंवा परत दिवस गेले तर परत उतरणार. म्हणून मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या, पुढं पाजायला अडचण पण येऊ शकते. पाजणं बंद होऊन निदान सहा महिने आणि वजन स्थिर पाहिजे. माझी चाळिशी ओलांडलेली म्हणून आधी मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे, करून घेतली. डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही डिग्री आहे का ते बघा, नुसतं "कॉस्मेटिक एक्स्पर्ट" बोर्डावर असलं म्हणजे झालं नाही.

पस्तावलेय का? नाही. पण करायच्या आधी नवऱ्यानं एक विचारलेलं, कुणासाठी करतीस? मला तेव्हा राग आलेला. दोन दिवसांनी उत्तर सापडलं तेव्हाच तारीख घेतली.

कागलची_आक्का

अडीच लाख! तेवढ्यात एक म्हस येती गं, वर गोठ्याला पत्रा बी होतोय. तुला बरं वाटलं न्हवं, मग झालं, पैसा तुझा, शरीर तुझं. पण आईला एकदा खरं सांगून टाक, ती रोज देवाला तुझ्या गाठीसाठी साकडं घालत असंल.

रंकाळा_वॉकर

तीन आठवड्यांनी लिहितेय, लग्नाच्या गडबडीत होते.

सिस्टर, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी लेडी सर्जनना दाखवलं. त्यांनी तपासलं, दोन्ही बाजूंची सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस जेवण गेलं नाही, पण क्लिअर आहे. डावी पहिल्यापासूनच थोडी मोठी असावी, वजन उतरल्यावर फरक डोळ्यात भरला असं त्या म्हणाल्या. माझी पहिली-दुसरीच्या मधली पायरी आहे. पुरळ पण गेलं, नुसतं कोरडं ठेवून. ते क्रीम केराच्या डब्यात.

ऑपरेशन आत्ता नाही. कधीच नाही असंही म्हणत नाही, शाहूपुरी ताईंचं सगळं लिहून ठेवलंय, मुलं मोठी झाल्यावर बघू. सहा आठवडे बादली उचलायची नाही हे वाचूनच आमच्या घरी काय होईल ते डोळ्यासमोर आलं.

जावेला सिस्टरांचं वाचून दाखवलं. ती म्हणाली तीन नाही, सहा महिने तरी पाजते, पुढचं पुढं. सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या, काही बोलल्या नाहीत.

आणि फिजिओ ताई, मोजलं! मी गेली चार वर्षं ३८ बी घालत होते, ८१ किलोच्या वेळची. निघालं ३४ डी. दुकानातल्या बाईनं सांगितल्यावर मी म्हटलं डी माझा असूच शकत नाही, परत मोजा. तिनं हसत परत मोजलं, तेच आलं. ती घालून टेलर काकूंकडं गेले, त्यांनी परत टेप लावला, सव्वादहा. वहीतलं अकरा खोडून त्यांनी सव्वादहा लिहिलं आणि म्हणाल्या, "आता फिटिंगला येताना हीच घालून ये, दुसरी घालून आलीस तर मला परत उसवायला लागंल."